दिसत नाही म्हणजे नाही, असे नव्हे
(घरच्या संगणकांना न दिसणाऱ्या नेटवर्क साठवणपेटीचा अभ्यास)



स्मरणिकेत दरवर्षी धम्म, इतिहास आणि चळवळ या विषयांवर लेख असतात. यंदा आम्ही एका वेगळ्याच विषयावर लिहीत आहोत. विषय तांत्रिक आहे. परंतु तो आपल्या मंडळाच्या अनुभवातून आलेला आहे आणि त्यात आपले बरेच काही पणाला लागले होते, म्हणून तो येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रसंग असा. मंडळाच्या अभ्यासिकेत कपाटावर एक लहानशी काळी पेटी आहे. तिच्यात दोन हार्डडिस्क आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांची छायाचित्रे, भाषणांच्या ध्वनिफिती, वस्तीतील वृद्ध मातांनी म्हटलेल्या ओव्या व भीमगीते, शिवाय स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांच्या टिपणवह्या, असे सर्व तीत साठवलेले आहे. ज्या मातांचा आवाज तीत आहे, त्यांपैकी काही आज आपल्यात नाहीत. गेल्या वर्षावासात अभ्यासिकेसाठी नवा संगणक आणला, तेव्हा त्याला ही पेटी दिसेना. दोन सभासदांच्या घरून आणलेल्या नव्या लॅपटॉपांनाही दिसेना. दोन-तीन संध्याकाळी खटपट झाली. शेवटी एका कार्यकर्त्याने निष्कर्ष काढला, "पेटी बिघडली. डिस्क बाहेर काढून संगणकाला जोडू आणि फॉरमॅट करून पुन्हा वापरू." पेचकस हातात घेतला गेला होता. तेवढ्यात दहावीतील एक मुलगी म्हणाली, "काका, पण कोपऱ्यातल्या जुन्या लॅपटॉपवर ती अजून दिसते."

त्या एका वाक्याने पेटी वाचली. पेटीत काहीही बिघडलेले नव्हते. तिच्यात आणि नव्या संगणकांत संवाद होत नव्हता, एवढेच. तो का होत नव्हता आणि अशा वेळी कोणत्या क्रमाने विचार करावा, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. पेटी म्हणजे काय?

अशा पेटीला नेटवर्क स्टोरेज किंवा थोडक्यात 'नास' म्हणतात. पेनड्राइव्ह किंवा बाहेरून जोडायची डिस्क ही संगणकाच्या अंगालाच जोडलेली असते, त्यामुळे ती लगेच दिसते. नासची पेटी तशी नाही. ती स्वतःच एक छोटा संगणक असते. तिला स्वतःची मेमरी, स्वतःची आज्ञाप्रणाली (बहुधा लिनक्सवर आधारलेली) आणि नेटवर्कवर स्वतःचा पत्ता असतो. ती केबलने राउटरला जोडलेली असते, आणि घरातील वा अभ्यासिकेतील इतर संगणक राउटरमार्फत तिच्याकडे फाइली मागतात.

म्हणून ती "दिसणे" म्हणजे डोळ्यांनी दिसणे नव्हे. दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला भेटण्यासारखे ते आहे. तेथे जायला वाट हवी, घराचा पत्ता हवा, नाव हवे, बोलायला समान भाषा हवी आणि दारावर आत घेण्याची परवानगी हवी. या पाचांपैकी एक जरी नसले तरी भेट होत नाही. पण भेट झाली नाही म्हणून नातेवाईक वारला, असे आपण म्हणत नाही. वाट, पत्ता, नाव, भाषा, परवानगी या पाच पायऱ्या विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्याव्यात. शोध याच क्रमाने करावा.

२. पहिली पायरी : वाट

प्रथम पेटीचा दिवा लागला आहे का, केबल दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का आणि राउटरवर त्या केबलच्या जागेचा दिवा लुकलुकतो का, हे पाहावे. हे सांगणे बाळबोध वाटेल, पण केर काढताना निसटलेली केबल हे अनेकदा खरे कारण असते.

त्यानंतर पाहायचे ते, संगणक आणि पेटी एकाच नेटवर्कवर आहेत का. आपल्याकडे घरोघरी एक गफलत होते. इंटरनेट देणारी कंपनी स्वतःची फायबरची पेटी बसवून जाते. तीच राउटरचेही काम करते. मग वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून आपण बाजारातून दुसरा राउटर आणतो आणि पहिल्यामागे जोडतो. आता घरात एक नव्हे, दोन नेटवर्के झाली. साठवणपेटी दुसऱ्या राउटरला आणि संगणक पहिल्याच्या वायफायला जोडलेला असेल, तर दोघांच्या मध्ये भिंत उभी राहते. यावर उपाय दोन. दोन्ही उपकरणे एकाच राउटरला जोडावीत, किंवा दुसऱ्या राउटरच्या मांडणीत जाऊन त्याला 'ॲक्सेस पॉइंट' करावे, म्हणजे तो वेगळे नेटवर्क न करता फक्त वायफाय पसरवतो.

तसेच 'गेस्ट' नावाच्या वायफायला जोडलेला संगणक बहुतेक राउटरांवर फक्त इंटरनेट पाहू शकतो. घरातील इतर उपकरणे त्याला मुद्दाम दिसू दिली जात नाहीत. संगणकात व्हीपीएन चालू असेल तर तेही काही काळ बंद करून पाहावे.

३. दुसरी पायरी : पत्ता

नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाला चार आकड्यांचा पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. हा पत्ता बहुधा राउटरच वाटतो, आणि तो कायमचा असेलच असे नाही. वीज गेली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की पेटीला कालचा पत्ता जाऊन आज दुसरा मिळू शकतो. मग जुन्या पत्त्यावर शोधणाऱ्या संगणकाला ती सापडत नाही.

संगणकाचा स्वतःचा पत्ता पाहण्यासाठी विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. पेटीचा पत्ता राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत मिळतो. घरगुती नेटवर्कात सहसा दोघांच्या पत्त्यांचे पहिले तीन आकडे सारखे असतात. एकाचे १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचे १९२.१६८.० असेल, तर वर सांगितलेल्या दोन राउटरांचा संशय घ्यावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या उपकरणाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही असे समजावे. मग पुन्हा पहिल्या पायरीवर यावे.

आता 'पिंग' ही आज्ञा आणि पुढे पेटीचा पत्ता लिहावा. उत्तर आले तर वाट व पत्ता दोन्ही ठीक आहेत. उत्तर आले नाही तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. काही उपकरणे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत.

यानंतरची कसोटी सर्वांत महत्त्वाची. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पेटीचा पत्ता लिहावा आणि एंटर दाबावे. मॅक संगणकावर फाइंडरच्या 'गो' यादीतील 'कनेक्ट टू सर्व्हर' येथे 'एसएमबी', अपूर्णविराम, दोन सरळ तिरप्या रेघा आणि पत्ता लिहावा. अशा रीतीने पेटी उघडली, तर वाट, पत्ता, भाषा आणि परवानगी हे सर्व ठीक असून फक्त नावाची अडचण आहे हे सिद्ध होते. उघडली नाही, पण ब्राउझरमध्ये तोच पत्ता लिहिल्यावर पेटीचे व्यवस्थापनाचे पान उघडले, तर पेटी जिवंत आहे आणि दोष भाषेत वा परवानगीत आहे. या दोन परीक्षांनी निम्म्याहून अधिक शंका दूर होतात.

पत्ता पुन्हा बदलू नये म्हणून राउटरमध्ये पेटीसाठी एक पत्ता राखून ठेवावा. यास 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात.

४. तिसरी पायरी : नाव

पुष्कळ लोक 'नेटवर्क' या खिडकीत पेटीचे चित्र दिसले नाही म्हणजे पेटीच नाही असे धरून चालतात. ही खिडकी म्हणजे केवळ हजेरीपट आहे. हजेरीपटावर नाव नसलेला विद्यार्थी वर्गात बसलेला असू शकतो.

पूर्वी विंडोजमधील हा हजेरीपट एका जुन्या पद्धतीने भरला जाई. ती पद्धत पुढे सांगितलेल्या जुन्या भाषेवर अवलंबून होती. ती भाषा काढली गेली, तसा तो हजेरीपटही गेला. आता विंडोज 'डब्ल्यूएस-डिस्कव्हरी' ही पद्धत वापरते आणि मॅक 'बाँजूर' ही. पेटीच्या व्यवस्थापनाच्या पानावर या सोयी असतील तर त्या चालू कराव्यात.

संगणकाच्या बाजूनेही एक गोष्ट पाहावी. विंडोज नव्या वायफायला बरेचदा 'पब्लिक' म्हणजे सार्वजनिक समजते आणि मग इतर उपकरणांचा शोध बंद ठेवते. रेल्वे स्थानकावर ते योग्यच आहे. घरी मात्र सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कला 'प्रायव्हेट' करावे आणि 'नेटवर्क डिस्कव्हरी' चालू करावी.

एवढे करूनही नाव दिसले नाही तरी काही बिघडत नाही. 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' येथे पत्ता देऊन पेटीला एखादे ड्राइव्ह अक्षर द्यावे. पत्ता राखून ठेवलेला असेल तर काम कायमचे होते.

५. चौथी पायरी : भाषा

आमच्या पेटीची पहिली गाठ येथे होती. संगणक आणि पेटी फाइलींची देवघेव ज्या भाषेत करतात तिला एसएमबी म्हणतात. ही भाषा १९८० च्या दशकात आयबीएम कंपनीत जन्मली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास तिचा अभ्यास करून 'सांबा' ही मुक्त प्रणाली लिहिण्यास सुरुवात केली, म्हणून लिनक्सवर चालणाऱ्या आपल्या पेट्यांना विंडोजशी बोलता येते. व्हिस्टाबरोबर तिची दुसरी आवृत्ती आली आणि २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर तिसरी.

पहिली आवृत्ती जुनी व असुरक्षित होती. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या घातक प्रणालीने विंडोजमधील याच पहिल्या आवृत्तीतील एका दोषाचा फायदा घेऊन जगभर संगणक बंद पाडले. ब्रिटनमधील रुग्णालयांनाही त्याचा फटका बसला. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते अडचणीत आले. २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ही पहिली भाषा टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आली. ज्या संगणकावर ती काही दिवस वापरली गेली नाही तेथून ती आपोआप नाहीशी होई. जेथे रोज वापर होता तेथे ती टिकून राही. आमच्या जुन्या लॅपटॉपला पेटी का दिसत होती आणि नव्यांना का नाही, याचे उत्तर यात आहे. आमची पेटी फक्त पहिली भाषा बोलण्यावर ठेवलेली होती.

अशा वेळी "विंडोजमध्ये जुनी भाषा पुन्हा चालू करा" असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने पेटी दिसते हे खरे. पण चोराला ठाऊक असलेली खिडकी आपण पुन्हा उघडतो, हेही खरे. आमचे मत असे की, आधी पेटीची आज्ञाप्रणाली अद्ययावत करावी आणि तिच्या मांडणीत किमान भाषा एसएमबी २ ठेवावी. पेटी इतकी जुनी असेल की तिला दुसरी भाषा येतच नाही, तर एका संगणकावर तेवढ्यापुरती जुनी भाषा चालू करून, राउटरची इंटरनेटची तार काढून, सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. मग जुनी भाषा बंद करावी आणि पेटीला निवृत्त करावे.

६. पाचवी पायरी : परवानगी

भाषा जुळली आणि आम्हांस वाटले, झाले! पण नव्या संगणकाने पुन्हा नकार दिला. या वेळी संदेश वेगळा होता, आणि ही प्रगतीच होती. आमच्या पेटीत कोणीही नाव न सांगता 'पाहुणा' म्हणून आत जात असे. विंडोज ११ च्या २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून संगणक प्रत्येक संवादावर सही मागतो, आणि पाहुण्याला सही करता येत नाही. म्हणून पाहुण्याची वाट बंद होते. ही सुरक्षा सैल करण्याचे उपाय सांगितले जातात, परंतु ते करू नयेत. पेटीत प्रत्येकासाठी वापरकर्त्याचे नाव आणि सांकेतिक शब्द तयार करावा. आम्ही तसे केले आणि पेटी उघडली.

येथे तीन बारीक अडचणी येतात. एक, संगणक सुरू करताना आपण जो चार आकडी पिन देतो तो येथे चालत नाही. पेटीत तयार केलेलेच नाव व शब्द द्यावे लागतात. दोन, पूर्वी चुकीचा शब्द जतन झाला असेल तर विंडोज तोच पुन्हा पुन्हा देत राहते. कंट्रोल पॅनेलमधील 'क्रेडेन्शियल मॅनेजर' येथे जाऊन तो काढून टाकावा. तीन, एकाच वेळी एकाच पेटीत दोन वेगळ्या नावांनी शिरता येत नाही. आधीची जोडणी तोडावी किंवा संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.

७. काय करू नये

हा भाग सर्वांनी दोनदा वाचावा. पेटीतील डिस्क काढून विंडोज संगणकाला कधीही जोडू नये. पेटीने डिस्कवर लिहिण्याची जी पद्धत वापरलेली असते ती विंडोजला सहसा वाचता येत नाही. विंडोज त्या डिस्कला कोरी समजते आणि "इनिशियलाइझ करू का?" किंवा "फॉरमॅट करू का?" असे विचारते. येथे 'हो' म्हणणे म्हणजे भरलेल्या वहीवर चुना फासणे. आमच्या हातून हेच होणार होते.

पेटीमागचे रिसेटचे बटण, त्या पेटीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय दाबू नये. घराबाहेरून पेटी दिसावी म्हणून राउटरमधून एसएमबीचे दार इंटरनेटकडे उघडू नये. फायरवॉल तपासणीसाठी बंद केली तर तपासणी संपताच चालू करावी. दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात म्हणून निश्चिंत राहू नये. एका डिस्कवर पुसलेले दुसरीवरही त्याच क्षणी पुसले जाते. नक्कल म्हणजे राखीव प्रत नव्हे.

आम्ही तर दुरुस्तीला हात घालण्यापूर्वीच जुन्या लॅपटॉपवरून सर्व फाइली दोन बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. एक डिस्क विहारात आहे, दुसरी एका सभासदाच्या घरी. तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा नियम आता मंडळाने स्वीकारला आहे. यात नवे काही नाही. तथागतांची वचने शतकानुशतके भिक्खूंनी मुखोद्गत ठेवली. दीघभाणक, मज्झिमभाणक असे निरनिराळे गट निरनिराळे निकाय पाठ ठेवीत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक लिहून ठेवले गेले. एकाच माणसावर वा एकाच साधनावर विसंबू नये, हे आपल्या पूर्वसूरींना ठाऊक होते.

८. धम्मदृष्टीने विचार

चार आर्यसत्यांचा क्रम आपण सर्व जाणतो : दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्याचा निरोध आहे आणि निरोधाचा मार्ग आहे. वैद्याचीही रीत हीच आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्याचीही हीच. कारण शोधण्याआधी उपाय करणे ही अंधश्रद्धा होय, मग ती ताईताची असो वा फॉरमॅटच्या बटणाची. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, काय बदलले ते वहीत लिहावे आणि परिणाम पाहावा. एक गाठ सुटूनही काम झाले नाही तर निराश होऊ नये; कारणे एकापेक्षा अधिक असतात. आमच्या बाबतीत भाषा आणि परवानगी अशी दोन होती. आणि कोणी मोठ्याने, वडीलकीने सांगितले म्हणून ते खरे मानू नये, हा तर कालाम सुत्ताचा उपदेशच आहे. त्या संध्याकाळी आम्हा वडीलधाऱ्यांचे मत चुकीचे होते आणि दहावीतल्या मुलीचे निरीक्षण खरे होते.

शेवटी एक कबुली. पेटीचा सांकेतिक शब्द फक्त एका तरुणाला ठाऊक होता आणि तो नोकरीनिमित्त परगावी गेला होता. फोनवर त्याने तो सांगितला म्हणून निभावले. ज्ञान एकाच्या हाती राहिले की बाकीचे सारे लाचार होतात, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. म्हणून पेटीचा पत्ता, वापरकर्त्यांची नावे आणि सांकेतिक शब्द बंद लिफाफ्यात अध्यक्ष व सचिव यांच्याकडे ठेवले आहेत, आणि अभ्यासिकेतील चार विद्यार्थ्यांना, त्यात दोन मुली आहेत, या पाचही पायऱ्या शिकवल्या आहेत.

बाबासाहेबांच्या पश्चात त्यांचे लेखन जपले गेले, म्हणून १९७९ पासून महाराष्ट्र शासनाला ते खंडांच्या रूपाने छापता आले. आपल्या पेटीतील आवाज त्यांच्यापुढे लहान आहेत; पण ते आपले आहेत, आणि ते जपणारे दुसरे कोणी नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१) पत्ता टाकल्यावर पेटी उघडते, पण 'नेटवर्क' खिडकीत दिसत नाही. दोष कोणत्या पायरीवर आहे?
२) आपल्या घरी किती राउटर आहेत? दोन असल्यास दोन नेटवर्के झाली आहेत का, ते पत्ते पाहून ठरवा.
३) जुनी एसएमबी भाषा कायम चालू का ठेवू नये?
४) विंडोजने "फॉरमॅट करू का?" असे विचारल्यास आधी कोणत्या गोष्टी तपासाल?
५) आपल्या घरातील छायाचित्रांच्या किती प्रती आहेत आणि त्या कोठे आहेत?

जयभीम! नमो बुद्धाय!